‘उघड खिडकी’तला टक

गाणं ऐकायचं तर आधी पंखा बंद करायचा, ही अंबादास येमूल यांची पहिली अट. तीही सोलापुरात, एप्रिल महिन्यात, पत्र्याच्या खोलीत! आमच्या गच्चीवरच्या खोलीत संध्याकाळी गिटार शिकायला येणारी मंडळी घामानं निथळत बसतात, पण पंख्याच्या बटणाला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

“पंख्याची घरघर गाण्यात मिसळते,” अंबादासभावजी म्हणतात, “आणि एकदा मिसळली की गाणं कुठलं आणि घरघर कुठली, काही कळत नाही बघा.”

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकत आले. पण गेल्या उन्हाळ्यापासून ते ऐकलं की मला हसू येतं. ते का, हेच सांगायचं आहे.

अंबादासभावजी म्हणजे माझ्या यजमानांचे, युवराजांचे, कॉलेजातले मित्र. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतात. टॉवेल उजेडात धरला की सुटलेला धागा त्यांना लांबूनच दिसतो. संध्याकाळी आमच्याकडे गिटार. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशात कायम तारा छेडायचे दोन पिक, आणि एकच गाणं घेऊन सगळा जन्म बसलेला.

ते गाणं म्हणजे ‘उघड खिडकी’. तुम्ही ऐकलेलं नसणार. पुण्यातल्या चार पोरांनी अठ्ठ्याण्णव साली कधीतरी केलं, रेडिओवर एक-दोनदा लागलं आणि ती पोरं आपापल्या नोकऱ्यांना लागली. सोलापुरात त्याची कॅसेट कधी आलीच नाही. भावजींनी कन्ना चौकातली दुकानं पालथी घातली, तरी नाही. त्यांच्याजवळ होती ती एकच, स्वतः रेकॉर्ड केलेली. घरच्या रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून बसले होते, आणि गाण्याचं निवेदन सुरू झाल्या झाल्या बटण दाबलं होतं.

ती कॅसेट मात्र कायम युवराजांकडे असायची. युवराज मूळचे केमचे. गावात हलगी वाजवायचे, शिकायला म्हणून सोलापुरात आले आणि कॉलेजच्या ड्रमवर जाऊन बसले. त्यांच्या भाड्याच्या खोलीत टेप होता आणि वर कुणी रागावणारं नव्हतं. भावजींच्या घरात त्यांचे वडील होते. नरसय्या त्यांचं नाव. पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, जमिनीत खड्डा करून बसवलेल्या हातमागावर ते दिवसभर विणत असायचे. बोलणं फार कमी. गिटारबद्दल तर एक शब्द नाही. चांगला नाही, वाईटही नाही. भावजी गिटार घेऊन घरात शिरले की रेडिओसुद्धा बंद करून टाकायचे. “नायनांना माझं वाजवणं कधी आवडलंच नाही,” असं भावजी वडिलांबद्दल म्हणायचे. तक्रार नसायची त्यात. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं, असं सांगावं तसं सांगायचे.

मी वैरागहून लग्न होऊन आले तेव्हा ही कॅसेट युवराजांच्या ट्रंकेत, शर्टांच्या घडीत होती. पहिल्याच रविवारी भावजी आले आणि मला समोर बसवलं.

“वहिनी, तुम्ही बी.ए. झालाय ना? मग नीट ऐका.”

“मी मराठीत बी.ए. झालेय भावजी, गिटारमध्ये नाही.”

“कवितेला कडवं असतं, धृपद असतं. इथंही आहे की. ऐका.”

पंखा बंद झाला. टेपचं झाकण ढिलं होतं, त्याला रबर लावलेलं होतं. आधी गिटार आली. चार सुरावटी, पुन्हा त्याच चार. “तिसरीला एक तार मोकळी सोडलीय त्यानं,” भावजी म्हणाले, “ती गुणगुणत राहते. सगळ्या गाण्यात ती हुरहुर आहे ना, ती तिथनं येते.” मग आवाज आला. ‘उघड खिडकी, वारा आलाय भेटायला…’ आवाज ठोक्यावर येत नाही, जरासा उशिरा येतो, कुणी दारात येऊन आत येऊ की नको करावं तसा. हे मला त्यांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. सांगितल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

“आता बेस कुठं आला?”

“मला नाही ऐकू आला.”

“शेंगाची चटणी करता ना? लसूण दिसतो का त्यात?”

“नाही.”

“आणि घातला नाही तर?”

“तर सासूबाईंना पहिल्या घासाला कळतं.”

“झालं तर मग. बेस म्हणजे लसूण.”

युवराज खो खो हसत सुटले. मी मात्र पुन्हा लावायला सांगितलं, आणि खरंच, दुसऱ्या ओळीच्या पोटात काहीतरी जाड, उबदार हललं. असं ते गाणं त्यांनी माझ्यासमोर उसवून ठेवलं. कडव्यात सूर तीन-चार पायऱ्यांतच फिरतात आणि धृपदाला एकदम उंच उडी घेतात. म्हणून धृपद आलं की छाती भरून येते. शेवटी सगळं गाणंच एक सूर वर चढतं. आणि मध्ये एक जागा येते, जिथं सगळी वाद्यं गप्प होतात. राहतो फक्त टक.

हा टक म्हणजे भावजींचा जीव. लाकडावर लाकूड पडावं तसा कोरडा, छोटा आवाज. ड्रमच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत नेमका येऊन बसणारा. सगळी वाद्यं थांबली तरी तो एकटा चालूच. “इथं काय वाटतं सांगा?” भावजींनी विचारलं. मी म्हणाले, “सगळे झोपलेत आणि घरात कुणीतरी एकटंच जागं आहे, असं.” त्यांनी माझ्याकडं जरा टक लावून बघितलं आणि युवराजांना म्हणाले, “वहिनी पास.”

आणखी एक खुबी होती. तिसऱ्या कडव्यात, ओळीच्या ऐन मध्यावर टक थांबतो. गाणं पुढं जातं, टक नाही. मग थोड्या वेळानं, काहीच न झाल्यासारखा, पुन्हा येतो.

“थांबतो का?”

“श्वास घेतो,” भावजी म्हणाले. “वाजवणाऱ्यानं मुद्दाम जागा सोडलीय. काहीतरी हरवलं असं वाटायला पाहिजे, म्हणून. असला ड्रमर पुन्हा होणार नाही वहिनी.”

पुढं आमच्याकडं शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे गाणं असंच शिकवलं. टक कुठं येतो, कुठं थांबतो, का थांबतो. नरसय्या गेले, माग निघाला, कॅसेट आमच्या कपाटात राहिली. भावजींचं गाणं काही बदललं नाही.

मागच्या एप्रिलमध्ये कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. भावजी आणि युवराजांच्या जुन्या कॉलेज बँडनं पुन्हा वाजवायचं, आणि वाजवायचं ते ‘उघड खिडकी’च, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. गाणं बसवायचं काम अर्थात भावजींकडं. कारखान्यातून आले की तडक वर. चहासुद्धा उभ्यानं. पंचेचाळिशीच्या पुढचा माणूस, पण चालण्यात वीस वर्षांचा पोरगा दिसायला लागला. मी इतकं खुशीत त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आणि एका रविवारी सकाळी भावजींना वरच्या खोलीत संगमेशचा फोन आला. संगमेश त्यांचा गायक, आता पुण्याला असतो. फोन स्पीकरवर होता.

“अंब्या, बसलालास का उभा हाईस बे?”

“का रे?”

“आधी बस. ‘उघड खिडकी’ सापडली. त्यातल्याच कुणीतरी नेटवर टाकली की! पाठवलोय बघ. आणि ऐकून मला सांग, टक कुठंय?”

पंखा बंद झाला. युवराजांनी आपल्या फोनवर गाणं लावून तो पेल्यात ठेवला, आवाज मोठा व्हावा म्हणून. गिटार आली, स्वच्छ, काल वाजवल्यासारखी. मोकळी तार गुणगुणली. आवाज उशिरा आला. बेस आला, आता तर मलासुद्धा लगेच कळला. सगळं होतं. टक नव्हता. मधली जागा आली, वाद्यं थांबली, आणि नुसती शांतता. रिकामी. मग गाणं पुढं गेलं.

“दुसरी आवृत्ती असेल,” भावजी म्हणाले.

“एकच आहे. मी त्यांना लिहून विचारलो,” फोनमधून संगमेश म्हणाला. “टक-बिक काही नव्हतंच म्हणालेत. पंचवीस वर्षं आम्हाला टक टक ऐकवलास की बे! वर श्वास घेतो म्हणे! कोण घेतलालाय श्वास?”

संगमेश हसत होता, युवराजही हसले. भावजींनी गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि कोपऱ्यात उभी केली.

“मी नाही वाजवत मेळाव्याला.”

“आरं!” युवराज चिडले की केमचे होतात. “टक न्हाय तर न्हाय! गाणं तर हाय की!”

“गाण्याचं नाही युवराज. नसलेलं ऐकत बसलो मी. इतक्या पोरांना शिकवलं. माझ्या कानाचं आता काय खरं?” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “वहिनी, ती कॅसेट टाकून द्या.”

आणि जिना उतरून गेले. गिटार इथंच सोडून.

आठवडा गेला, भावजी आले नाहीत. शिकायला येणारी मंडळी दारावरून परत गेली. युवराज फोन करायचे, तिकडून “कामात आहे” एवढंच. कॅसेट काही माझ्याच्यानं टाकवेना. जिनं मला गाणं ऐकायला शिकवलं, ती कचऱ्याच्या गाडीत कशी घालू? शेवटी पुढच्या रविवारी मी युवराजांना म्हटलं, “चला, त्यांची वस्तू त्यांना देऊन येऊ. टाकायची तर त्यांनीच टाकावी.” स्कूटरवर मागे बसले, मांडीवर तो रबर लावलेला टेप.

पार्वतम्मांनी, भावजींच्या आईनं, दार उघडलं. “ये गं अम्मा,” म्हणाल्या. त्यांच्या तेलुगू घरांत लेकीसुनांनाही अम्माच म्हणतात. “ह्याला काय झालंय बघा की. जेवत न्हाई नीट, बोलत न्हाई. बापावर गेलाय.”

बाहेरच्या खोलीत आता सोफा आणि फ्रिज आहे. पण फरशीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा आहे. मागाचा खड्डा होता तो, नंतर बुजवला. भावजी त्या चौकोनाच्या कडेला खुर्ची टाकून पेपर वाचत होते. टेप बघून त्यांनी पेपर आणखी वर धरला.

“टाकायची म्हणालात ना? एकदा ऐका आणि टाका,” मी म्हटलं.

“वहिनी, नको.”

मी ऐकलं नाही. कॅसेट घातली. आमच्या घरी ती नेहमी गाण्याच्या तोंडाशी लावून ठेवलेली असायची. पिशवीत नेताना गोंधळ नको म्हणून मी ती पार सुरुवातीपर्यंत गुंडाळून आणली होती. त्यामुळं आधी खरखर झाली आणि मग निवेदिकेचा गोड आवाज आला, ‘तरुण श्रोत्यांसाठी आता एक वेगळं गाणं…’

“पुढं घ्या,” भावजी पेपरामागून म्हणाले, “गाणं पुढं आहे.”

“थांब, थांब,” युवराज म्हणाले. “ऐकू दे.”

निवेदिकेच्या बोलण्याखाली टक होता.

टक. जरा वेळानं टक. सावकाश, आपल्या तंद्रीत. ती बाई गाण्याची माहिती सांगत होती आणि खाली तो चालला होता. मग गिटार सुरू झाली. टक तिच्याशी जुळत नव्हता. पहिल्या फेरीत मागं पडला, दुसऱ्या फेरीत जरा घाईनं पुढं गेला, तिसऱ्यात जवळ आला. आणि ‘उघड खिडकी’ हे शब्द आले तेव्हा दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत नेमका बसला. तिथून हलला नाही.

भावजींनी पेपर खाली ठेवला. उठले, पंखा बंद केला. टेप मागं घेतला आणि पुन्हा लावला. पुन्हा मागं घेतला. हीच सुरुवातीची ओढाताण ते पोरांना, ‘ड्रमर आधी मुद्दाम सैल वाजवतो’ म्हणून शिकवत आले होते.

गाणं पुढं चाललं. पार्वतम्मा भिंतीला टेकून मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांचं आमच्याकडं लक्षही नव्हतं. तिसरं कडवं आलं. ओळीच्या मध्यावर टक थांबला, आणि पार्वतम्मांचा उजवा हात सुपातून उचलला गेला. पुढं झाला, त्या वेगळ्या रंगाच्या फरशीकडं. चिमटीत काही धरून कुणाला द्यावं तसा. क्षणभर तसाच राहिला. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या स्वतःशीच हसल्या.

“संपली,” म्हणाल्या.

“काय संपलं अम्मा?” भावजींनी विचारलं.

“कांडी. इकडनं तिकडं पळतोय त्या धोट्यातलं सूत संपलं की माग थांबतोय की. मी भरलेली कांडी हातात द्यायची, तुझा नायना घालायचा, पुन्हा चालू.” तेवढ्यात टेपमधला टक पुन्हा सुरू झाला. “हां. घातली बघ.”

अख्ख्या गल्लीत माग चालायचे. जन्मापासून त्या आवाजात राहिलेल्या माणसाला तो ऐकू येणं केव्हाच बंद झालेलं असतं. टेपरेकॉर्डरला मात्र तशी सवय नव्हती. त्यानं सगळं घेतलं. आमच्याकडं पंखा बंद करायला लावणारा माणूस बापाचा अख्खा हातमाग गाण्यात घालून पंचवीस वर्षं ऐकत होता.

पण भावजींच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. ते सारखं त्या सुरुवातीच्या जागेशी जात होते. मागं पडलेला टक, पुढं गेलेला टक, मग जुळलेला.

“नायना गाणं ऐकत होते?” शेवटी त्यांनी विचारलं.

“मग काय! तू घरात नसलास की रेडिओ लावूनच बसायचा. तुझीच गाणी.”

“मी आलो की बंद करायचे.”

“तूच म्हणायचास की! मी वाजवताना आवाज करू नका, गप्प बसा म्हणायचास. तो बसला गप्प.” पार्वतम्मांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. “त्या दिवशी हे टेप करताना पण सगळं बंद करा म्हणालास. तेवढं न्हाई ऐकला. शनिवारी माल द्यायचा होता. पण पाय कसा गाण्यासंगं पडतोय बघ. मला हसू आलं होतं तवा.”

भावजी खुर्चीतून उठून खाली फरशीवर, त्या चौकोनावर बसले. गाणं मधल्या जागेशी मागं घेतलं. सगळी वाद्यं थांबली आणि टक एकटा राहिला. ‘घरात कुणीतरी एकटंच जागं आहे,’ हे मी कधीकाळी दिलेलं उत्तर मला आठवलं. युवराज उगाचच फ्रिज उघडून पाणी शोधत होते.

टेप थांबवून भावजी म्हणाले, “युवराज, टक तुला वाजवावा लागेल. ड्रमच्या लाकडी कडेवर. जमेल?”

“हलगीच्या कडेवर वाजवत मोठा झालोय मी. मला इचारतोस?”

संगमेशला फोन लावला. तो आधी कुरकुरला. “अंब्या, खरं गाणं आता सगळ्या जगाकडं आहे की. लोक म्हणतील चुकीचं वाजवलालेत.”

“म्हणू देत की,” भावजी म्हणाले. “त्यांचं ते पुण्याचं. हे आमच्या घरातलं.” आणि मग त्याला सगळं सांगितलं. मग संगमेश म्हणाला, “तिसऱ्या कडव्यात थांबायचं ना बे? युवऱ्याला नीट सांग, तो विसरतोय.”

दुसऱ्याच दिवशी भावजी आमच्या दारात. चहा उभ्यानं, तडक वर. युवराजांना त्या थांबण्याच्या जागेची इतकी तालीम दिली की, ते जेवतानाही ताटाच्या कडेवर बोट आपटायचे आणि मध्येच थांबायचे.

मेळाव्याच्या दिवशी पार्वतम्मा माझ्या शेजारी, दुसऱ्या रांगेत. केसात मोगरा, अंगावर ठेवणीतली साडी, स्वतः नरसय्यांनी विणलेली. स्टेजवरची चौघं टकलं, पोटं सांभाळत उभी राहिली तेव्हा मागच्या रांगांतून भरपूर टोमणे आले. मग गिटार सुरू झाली आणि टोमणे थांबले. मोकळी तार गुणगुणली. युवराजांचा टक आधी सैल, मागंपुढं, आणि संगमेशचा आवाज आला तसा नेमका फटीत जाऊन बसला. मधली जागा आली. सगळे थांबले. एवढ्या मोठ्या मांडवात फक्त टक, टक. भावजींचे डोळे मिटलेले होते. गिटारवरचा हात स्थिर होता. पण उजवा पाय खाली जमिनीवर पडत होता, मागाची पावडी दाबावी तसा.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या आल्या. युवराजांना त्या टाळ्या चढल्या. तिसरं कडवं आलं, ती ओळ आली, ओळीचा मध्य आला, आणि आमचे हे टक टक करत तसेच पुढं निघून गेले! थांबलेच नाहीत. भावजींनी गर्रकन वळून बघितलं. संगमेशनं गाता गाता कपाळावर हात मारला. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. एक सोडून.

पार्वतम्मा माझ्या कानाशी आल्या.

“कांडी न बदलताच निघाला की हा,” म्हणाल्या. “रिकामा धोटा फिरवतोय.”

गाणं संपल्यावर मी स्टेजमागं जाऊन हे भावजींना जसंच्या तसं सांगितलं. घामानं भिजलेले, गिटार अजून गळ्यात. आधी ते हसले. मग इतके हसले की खाली बसावं लागलं. हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिले आणि पुसणं बराच वेळ थांबेना.

“नायनांनी तुझी हजेरी घेतली असती, युवराज,” शेवटी म्हणाले. “चल, पुन्हा तिसरं कडवं घे. अम्मांना बोलवा.”